दातांची आणीबाणी : दंतवैद्यांकडे पोहोचण्यापूर्वी काय करावे, काय टाळावे

दातांच्या तक्रारींकडे आपल्याकडे बहुधा ‘उद्या पाहू’ या वृत्तीने पाहिले जाते. दाढ ठणकू लागली की लवंग चावायची, सूज आली की शेक घ्यायचा आणि दुखणे थांबले की दवाखान्याचा विचार मनातून काढून टाकायचा, असाच सर्वसाधारण क्रम असतो. बहुतांश वेळा यात वेळ व पैसा यांचेच नुकसान होते. मात्र काही प्रसंगी दातांच्या बाबतीतही मिनिटांचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. चेंडू लागून मुळासकट निखळलेला समोरचा दात पुन्हा आपल्या जागी रुजू शकतो. पण त्यासाठी हाताशी असलेला अवधी साधारणपणे अर्ध्या तासाचा असतो. दुर्लक्षित दाढेतील पू जिभेखाली व गळ्यात पसरला, तर श्वासमार्ग बंद होऊन जीवही जाऊ शकतो.

रात्रीची वेळ, सुट्टीचा दिवस, प्रवास किंवा दंतवैद्य नसलेले गाव अशा परिस्थितीत पहिले उपचार घरातील माणसे, शिक्षक किंवा सहप्रवासी यांच्याच हातून होतात. हे उपचार दंतवैद्यांना पर्याय ठरत नाहीत. परंतु ते योग्य रीतीने झाले तर दात वाचतो आणि चुकीचे झाले तर वाचू शकणारा दातही गमवावा लागतो.

तातडी कशी ओळखावी

दातांच्या तक्रारींची तातडीच्या दृष्टीने तीन गटांत विभागणी करता येते.

पहिल्या गटात जिवाला धोका संभवणाऱ्या स्थिती येतात. श्वास घेण्यास किंवा थुंकी गिळण्यास त्रास होणे, हनुवटीखाली किंवा गळ्यावर पसरत जाणारी सूज, डोळ्यापर्यंत पोहोचलेली सूज, दाबूनही न थांबणारा रक्तस्राव, तसेच चेहऱ्याच्या दुखापतीबरोबर बेशुद्धी, उलटी किंवा गुंगी ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी दंतवैद्यांचा दवाखाना शोधण्यात वेळ न घालवता थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. देशभरात ११२ आणि अनेक राज्यांत १०८ या क्रमांकावर मदत मागता येते.

दुसऱ्या गटात काही मिनिटांत किंवा तासांत उपचार आवश्यक असलेल्या स्थिती येतात. निखळलेला, जागेवरून सरकलेला किंवा आतील लाल भाग दिसेल इतका तुटलेला कायमचा दात हा या गटातील होय.

तिसऱ्या गटात ठणकणारी दाढ, निघालेली कॅप, पडलेले फिलिंग, टोचणारी तार अशा त्रासदायक, पण एक-दोन दिवस थांबू शकणाऱ्या तक्रारींचा समावेश होतो.

दात मुळासकट निखळल्यास

दात जबड्याच्या हाडात थेट रुतलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाडाची खोबण यांच्यामध्ये सूक्ष्म तंतूंचा एक पातळ थर असतो व तोच दाताला धरून ठेवतो. दात निखळतो तेव्हा हे तंतू तुटतात. त्यांतील काही जिवंत पेशी मुळाच्या पृष्ठभागावर राहतात. त्या जिवंत असेपर्यंत दात खोबणीत परत बसवल्यास तंतू पुन्हा जुळू शकतात. उघड्या हवेत या पेशी झपाट्याने कोरड्या पडतात. आंतरराष्ट्रीय दंत-आघात संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, दात सुमारे ३० मिनिटे कोरडा राहिला तर यांपैकी बहुतेक पेशी मृत होतात. त्यामुळे दवाखान्यात काय होते याइतकेच अपघातस्थळी काय केले जाते, यालाही महत्त्व असते.

अशा प्रसंगी पुढील क्रम पाळावा.

१. जखमी व्यक्तीला शांत बसवावे. डोक्याला गंभीर मार लागलेला नाही ना, याची प्रथम खात्री करावी.

२. दात शोधावा आणि तो शिरोभागाकडून, म्हणजे तोंडात एरवी दिसणाऱ्या पांढऱ्या बाजूने उचलावा. पिवळसर, निमुळत्या मुळाला बोट लावू नये.

३. दातावर माती असल्यास तो दुधात किंवा सलाइनमध्ये हलकेच विसळावा. तेही नसल्यास नळाच्या थंड पाण्याच्या बारीक धारेखाली काही सेकंद धरावा. साबण, डेटॉल, हळद किंवा टूथपेस्ट वापरू नये. मूळ घासू नये, खरवडू नये आणि कपड्याने पुसूनही काढू नये.

४. व्यक्ती शुद्धीवर व शांत असेल आणि दात कायमचा असेल, तर तो लगेच खोबणीत परत बसवावा. शेजारच्या दाताशी तुलना करून पुढची बाजू ओळखावी आणि हलक्या दाबाने दात आत सरकवावा. त्यानंतर स्वच्छ रुमालाची घडी दातांमध्ये हलकेच चावून धरण्यास सांगावे, म्हणजे दात जागेवर राहतो.

५. त्याच स्थितीत तातडीने दंतवैद्यांकडे जावे.

दात स्वतः परत बसवण्याची कल्पना अनेकांना धास्तावणारी वाटते. परंतु दुखापतीनंतरच्या पहिल्या काही मिनिटांत ही क्रिया वाटते तितकी वेदनादायक नसते. दात वाचवण्याच्या दृष्टीने यापेक्षा परिणामकारक दुसरा उपाय नाही.

दात परत बसवणे शक्य नसेल, तर तो कोरडा पडू न देणे हेच मुख्य उद्दिष्ट असते. त्यासाठी घराघरांत उपलब्ध असलेले साधन म्हणजे थंड दूध. दुधातील क्षारांचे प्रमाण शरीरातील पेशींना मानवणारे असते. याउलट साध्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने पेशी पाणी शोषून फुगतात व फुटतात. म्हणून दात पाण्यात बुडवून ठेवणे योग्य नाही. पिशवीतील साधे दूध चालते. साखर घातलेले दूध, ताक किंवा दही वापरू नये. अमेरिकन हार्ट असोसिएशन व अमेरिकन रेड क्रॉस यांच्या २०२० सालच्या प्रथमोपचार मार्गदर्शनात जलसंजीवनीचे, म्हणजेच ओआरएसचे द्रावण आणि अन्न गुंडाळण्याची पातळ प्लास्टिक फिल्म यांचाही उल्लेख आहे. शाळा व क्रीडांगणांच्या प्रथमोपचार पेटीत ओआरएसची पुडी बहुधा असतेच. ती पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात विरघळवून वापरता येते. यांपैकी काहीही उपलब्ध नसेल, तर जखमी व्यक्तीने एखाद्या स्वच्छ वाटीत थुंकावे आणि त्या लाळेत दात ठेवावा. दात गालात धरून नेण्याचा मार्ग पूर्ण शुद्धीवर असलेल्या प्रौढ व्यक्तीपुरताच ठीक आहे; लहान मूल दात गिळण्याची शक्यता असते. कापसात किंवा कागदात गुंडाळून खिशात ठेवलेला दात वाचण्याची शक्यता फारच कमी होते.

अर्धा-एक तास उलटून गेला म्हणून दात फेकून देऊ नये. उशिरा बसवलेल्या दाताचे मूळ पुढे हळूहळू झिजण्याची किंवा हाडाशी सांधून जाण्याची शक्यता अधिक असते. तरीही असा दात काही वर्षे टिकून जबड्याचे हाड व चेहऱ्याची ठेवण राखू शकतो. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत हा लाभ मोठा असतो.

दवाखान्यात असा दात शेजारच्या दातांना लवचिक तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात. मुळाची वाढ पूर्ण झालेल्या दाताचे रूट कॅनाल उपचार पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू केले जातात. जखम मातीत झाली असल्यास धनुर्वाताच्या लसीची स्थितीही डॉक्टरांना सांगावी.

हृदयाच्या झडपांचा आजार असणाऱ्या किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांनी दात घरी बसवण्याऐवजी दुधात ठेवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दुधाचा दात पडल्यास

वरील सर्व सूचना केवळ कायमच्या दातांना लागू आहेत. अपघाताने निखळलेला दुधाचा दात कधीही परत बसवू नये. त्याच्या वर हाडात कायमच्या दाताचा अंकुर वाढत असतो व दात आत ढकलल्यास त्या अंकुराला इजा होऊ शकते.

दात दुधाचा की कायमचा, हा निर्णय अनेकदा वयावरून घेता येतो. दुधाचे वीस दात साधारण तीन वर्षांपर्यंत येतात. समोरचे कायमचे दात सहाव्या ते आठव्या वर्षांदरम्यान उगवतात. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाचा समोरचा दात बहुधा दुधाचा आणि दहा वर्षांच्या मुलाचा बहुधा कायमचा असतो. सहा ते आठ या वयोगटात शंका असल्यास दात दुधात ठेवून दंतवैद्यांकडे न्यावा व निर्णय त्यांच्यावर सोपवावा. दुधाचा दात पडला तरी तपासणी आवश्यक असते, कारण तो दात खरोखर पडला आहे की हाडात रुतला आहे, हे एक्स-रेनेच स्पष्ट होते.

दात तुटल्यास किंवा सरकल्यास

तुटलेला तुकडा शोधून दुधात किंवा पाण्यात ओला ठेवावा. इथे मुळावरील पेशींचा प्रश्न नसल्याने पाणीही चालते. अनेकदा हाच तुकडा दंतवैद्य पुन्हा चिकटवू शकतात. तुकडा सापडला नाही, तर ओठात रुतला आहे का ते पाहावे. सतत खोकला किंवा श्वास घेताना घरघर सुरू झाल्यास तुकडा श्वासनलिकेत गेल्याची शक्यता असते; अशा वेळी लगेच रुग्णालयात जावे.

केवळ कड तुटली असेल, तर थंड-गरम पदार्थ लागणे एवढाच त्रास होतो. तुटलेल्या भागात लाल ठिपका किंवा रक्त दिसत असेल, तर दाताच्या आतील मज्जा उघडी पडली आहे असे समजावे व त्याच दिवशी उपचार घ्यावेत. विशेषतः लहान वयात लवकर उपचार झाल्यास ही मज्जा जिवंत ठेवता येते.

दात जागेवरून सरकला असेल, तर स्वच्छ बोटाने अगदी हलका दाब देऊन तो सहज जागेवर येतो का हे पाहता येते. जोर लावू नये. आत रुतलेला दात ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नये. ओठ किंवा जीभ कापली असल्यास स्वच्छ कापडाने १० ते १५ मिनिटे सलग दाबून धरावे व बाहेरून कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा शेक द्यावा.

जबड्याला मार लागल्यास

दातांची जुळणी अचानक बदलणे, तोंड उघडता किंवा मिटता न येणे, हनुवटी वा खालचा ओठ बधिर होणे, ही जबड्याचे हाड मोडल्याची लक्षणे असू शकतात. रुग्णास बोलण्याची सक्ती करू नये. जबडा हाताने किंवा रुंद पट्टीने खालून आधार देऊन स्थिर ठेवावा. मात्र उलटी होत असल्यास किंवा तोंडात रक्त साचत असल्यास पट्टी घट्ट बांधू नये. शुद्धीवरील रुग्णास पुढे झुकवून बसवावे, म्हणजे रक्त घशात जात नाही. मानेला इजा झाल्याची शंका असल्यास रुग्णास हलवू नये व रुग्णवाहिकेची वाट पाहावी.

जांभई देताना जबडा निखळून तोंड उघडेच राहिल्यास तो झटका देऊन बसवण्याचा प्रयत्न घरी करू नये.

रात्रीची दाढदुखी

दिवसा सोसवणारी दाढ रात्री असह्य होते, यामागे कारण आहे. दाताच्या आतील मज्जा चारही बाजूंनी कठीण भिंतींनी वेढलेली असते. किडीमुळे तिला सूज आली, तर त्या सुजेला पसरण्यास जागाच नसते. आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्ताचा दाब वाढतो आणि मज्जेवरील ताण अधिक होतो. म्हणून दाढ ठणकत असताना पाठीमागे दोन-तीन उशा घेऊन डोके उंच ठेवणे, हा साधा उपाय खरोखरच उपयोगी ठरतो.

प्रथम कोमट पाण्याने चूळ भरावी. दातांच्या फटीत अन्नकण अडकला असेल, तर तो दात साफ करण्याच्या दोऱ्याने, म्हणजे फ्लॉसने काढावा. सेफ्टी पिन, सुई किंवा आगकाडी वापरू नये. त्यानंतर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. गालावर बाहेरून थंड शेक १० ते १५ मिनिटे द्यावा. फार गरम, फार थंड व गोड पदार्थ टाळावेत.

लवंगेच्या तेलातील युजेनॉल हा घटक वेदना काही काळ बधिर करतो आणि दंतवैद्यकातही त्याचा वापर होतो. कापसाच्या बोळ्यावर एखादा थेंब घेऊन तो केवळ किडलेल्या जागी टेकवावा. हेच तेल हिरडीवर चोळल्यास तेथील त्वचा भाजते. लहान मुलांना ते लावू नये. बधिरता आणणारी जेल दोन वर्षांखालील बालकांसाठी वापरू नये.

वेदनाशामक औषधे : मर्यादा जाणून घ्याव्यात

प्रौढ व्यक्तीला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या घेता येतात. दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर असावे आणि २४ तासांत एकूण मात्रा ४ ग्रॅमपेक्षा अधिक होता कामा नये. यकृताचा विकार असणाऱ्यांसाठी व नियमित मद्यपान करणाऱ्यांसाठी ही मर्यादा याहून बरीच कमी असते. सर्दी-तापाच्या अनेक संयुक्त गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेताना नकळत दुप्पट मात्रा पोटात जाऊ शकते.

आयबुप्रोफेन दातदुखीवर प्रभावी आहे, मात्र ते जेवणानंतर घ्यावे. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा वेदनाशामकांनी बळावणारा दमा असलेल्यांनी, तसेच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गर्भवती महिलांनी ते डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नये. पावसाळ्यात दातदुखीबरोबर ताप असेल व डेंग्यूची शक्यता असेल, तर आयबुप्रोफेन व ॲस्पिरिन दोन्ही टाळावीत. रक्तस्रावाचा धोका वाढतो. सोळा वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. निमेसुलाइड या औषधाच्या बारा वर्षांखालील मुलांसाठीच्या वापरावर भारतात २०११ पासून बंदी आहे.

ॲस्पिरिनची गोळी दाताशेजारी दाबून ठेवण्याची सवय अनेक घरांत आढळते. या गोळीतील आम्लामुळे हिरडी व गालाची आतली बाजू भाजून पांढरी पडते. वेदना कमी होते ती गोळी गिळल्यावर. दाताला चिकटवल्याने नव्हे.

प्रतिजैविकांविषयीचा गैरसमज याहून गंभीर आहे. दुखणाऱ्या दाढेसाठी औषधाच्या दुकानातून स्वतःहून प्रतिजैविके आणून दोन दिवस घेण्याची पद्धत रूढ आहे. परंतु सूज व ताप नसलेल्या साध्या दाढदुखीत या औषधांचा उपयोग होत नाही, कारण दुखण्याचे मूळ बंदिस्त मज्जेत असते व तेथपर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही. पाकिटावर लाल उभी रेषा असलेली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नयेत.

आणखी एक बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. अनेक दिवस ठणकणारी दाढ अचानक शांत झाली, तर ती बरी झाली असे नसते. बहुधा आतील मज्जा मृत झालेली असते आणि संसर्ग मुळाच्या टोकातून हाडात निःशब्दपणे उतरत असतो.

टाळावेत असे उपाय

मशेरी लावल्याने दात बधिर होतो व आराम वाटतो. परंतु भाजलेल्या तंबाखूपासून बनणारी ही पूड हिरड्यांची हानी करते, व्यसन लावते आणि तिच्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दातदुखीच्या निमित्ताने सुरू झालेली मशेरी दात पडून गेल्यावरही सुटत नाही. तंबाखूची चिमूट, चुना, रॉकेल, पेट्रोल किंवा दारूचा बोळा दातात धरणेही तितकेच घातक आहे.

भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातील ‘किडे’ पाडून दाखवण्याचा प्रकार काही ठिकाणी अद्याप चालतो. दाताला कीड लागते हा मराठीतील वाक्प्रचार आहे; त्यात वळवळणारे किडे नसतात. साखरेवर वाढणाऱ्या जिवाणूंनी निर्माण केलेल्या आम्लामुळे दात पोखरला जातो. रस्त्याकडेला बसणाऱ्या अप्रशिक्षित व्यक्तीकडून दात काढून घेतल्यास अस्वच्छ अवजारांमधून कावीळ ब व क यांसारखे आजार पसरण्याचा धोका असतो.

सूज : सर्वाधिक सावधगिरीची बाब

दाढेच्या मुळाशी साचलेला पू वाट मिळेल तिकडे पसरतो. हिरडीवर लहानशी पुळी येऊन तो बाहेर पडला, तर त्रास मर्यादित राहतो. मात्र खालच्या मागच्या दाढांचा संसर्ग जिभेखालच्या व हनुवटीखालच्या जागेत उतरला, तर जीभ वर उचलली जाते, आवाज बदलतो, लाळ गळू लागते आणि काही तासांत श्वासमार्ग अरुंद होऊ शकतो. जर्मन वैद्य विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये या विकाराचे वर्णन केले व त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. प्रतिजैविके उपलब्ध होण्यापूर्वी यातील निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत असत. आजही उपचारास उशीर झाल्यास तो प्राणघातक ठरतो.

चेहऱ्यावर सूज असताना बाहेरून गरम शेक देऊ नये. संसर्ग बाहेरच्या बाजूस पसरण्याची भीती असते. पुळी सुईने फोडू नये. मधुमेही रुग्णांमध्ये असा संसर्ग अधिक वेगाने पसरतो, म्हणून त्यांनी किरकोळ सुजेसाठीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सुजेबरोबर ताप, तोंड दोन बोटांइतकेही न उघडणे, गिळताना वेदना किंवा आडवे झाल्यावर गुदमरणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळ होण्याची वाट पाहू नये. रुग्णास बसलेल्या स्थितीतच न्यावे.

दात काढल्यानंतरचा रक्तस्राव

दात काढल्यावर पहिल्या दिवशी लाळेत थोडा लालसरपणा असणे स्वाभाविक आहे. रक्त वाहू लागल्यास स्वच्छ गॉज किंवा सुती कापडाची जाड, किंचित ओली घडी जखमेवर ठेवून ३० मिनिटे घट्ट चावून धरावी. दर दोन मिनिटांनी उघडून पाहू नये. वारंवार थुंकणे व चुळा भरणे यामुळे तयार झालेली रक्ताची गाठ निघून जाते आणि रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. गॉज नसेल तर ओली करून थंड केलेली चहाची पुडी चावून धरता येते. चहातील टॅनिन रक्त गोठण्यास साहाय्य करते. दोनदा असे करूनही रक्त थांबले नाही, तर रुग्णालयात जावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नयेत. त्यातून हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा धोका ओढवू शकतो.

दात काढल्यावर दोन ते चार दिवसांनी कानापर्यंत जाणारी तीव्र वेदना सुरू झाल्यास खोबणीतील रक्ताची गाठ निघून हाड उघडे पडल्याची शक्यता असते. धूम्रपान करणाऱ्यांत हे प्रमाण अधिक आढळते. यावर दंतवैद्यांकडून खोबण स्वच्छ करून औषध भरून घेणे हाच उपाय आहे.

कॅप, फिलिंग आणि तारा

निघालेली कॅप जपून ठेवावी; ती बहुधा पुन्हा बसवता येते. औषधाच्या दुकानात मिळणारे तात्पुरते दंत-सिमेंट काही दिवस काम भागवते. फेव्हिक्विकसारखा झटपट चिकटणारा गोंद तोंडात कदापि वापरू नये. कॅप सैल असेल तर झोपण्यापूर्वी काढून ठेवावी, अन्यथा ती श्वासनलिकेत जाऊ शकते. दात सरळ करण्यासाठी लावलेली तार टोचत असल्यास तिच्या टोकावर दंतवैद्यांनी दिलेले मेण किंवा कापसाचा लहान बोळा लावावा. तार कात्रीने कापू नये. तुकडा गिळला जाण्याची भीती असते.

दुखणे दाताचे नसेल तेव्हा

जबड्यातील प्रत्येक कळ दाताची नसते. चालताना किंवा जिना चढताना खालचा जबडा दुखणे व थांबल्यावर ते कमी होणे, तसेच जबड्याच्या दुखण्याबरोबर घाम, मळमळ, छातीत दडपण किंवा डाव्या हातात कळ येणे, ही हृदयविकाराची लक्षणे असू शकतात. महिला व मधुमेही रुग्णांमध्ये छातीत न दुखताही केवळ जबड्यात वेदना जाणवण्याची शक्यता असते. अशा वेळी लवंगेचे तेल शोधत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे.

उपचारांसाठी कोठे जावे

शासकीय दंत महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांत अल्प दरात उपचार मिळतात. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, तसेच नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये महाराष्ट्रातील नागरिकांना परिचित आहेत. गोव्यात बांबोळी येथे दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. राज्याबाहेरील मराठी भाषकांसाठी इंदूर, अहमदाबाद, बंगळूरु व हैदराबाद येथील शासकीय दंत महाविद्यालये आणि दिल्लीतील मौलाना आझाद दंत विज्ञान संस्था उपलब्ध आहेत. रात्री दंत विभाग बंद असल्यास सूज, रक्तस्राव व जबड्याच्या दुखापतीसाठी जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या अपघात विभागात जावे.

डॉक्टरांना दुखापत कधी व कशी झाली, दात किती वेळ कोरडा होता, कोणती औषधे घेतली, मधुमेह, हृदयविकार, गर्भावस्था किंवा औषधांची ॲलर्जी आहे का, ही माहिती प्रथम द्यावी.

पूर्वतयारी

घर, शाळा व व्यायामशाळा येथील प्रथमोपचार पेटीत निर्जंतुक गॉज, हातमोजे, झाकणाची लहान डबी, सलाइनची बाटली, ओआरएसची पुडी, पॅरासिटामॉल, दंत-दोरा व जवळच्या दंतवैद्यांचा दूरध्वनी क्रमांक असावा. कबड्डी, हॉकी, मुष्टियुद्ध यांसारख्या खेळांत दंतरक्षक आणि दुचाकीवर संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट वापरल्यास अनेक दुखापती टळतात. सोड्याच्या बाटलीचे झाकण दातांनी उघडणे आणि अडकित्त्याचे काम दाढेकडून करून घेणे थांबवावे.

शाळांमधील शिक्षक व क्रीडा प्रशिक्षक यांना निखळलेल्या दाताबाबतचे पाच टप्पे माहीत असणे विशेष गरजेचे आहे. अशा अपघातात सर्वाधिक इजा वरच्या जबड्यातील समोरच्या दोन दातांना होते. आठव्या-नवव्या वर्षी गेलेला कायमचा दात पुन्हा येत नाही. तो वाचवण्यासाठी मैदानावर उपस्थित असलेल्या माणसाला दात कोणत्या बाजूने उचलावा आणि कशात ठेवावा, एवढे ज्ञान असले तरी पुरेसे ठरते.